पाणपोईचं पाणी

पर्युषणाचा सहावा दिवस होता आणि जतनबाईंचा सहावा उपवास. अन्नाचा कण नाही, सूर्य मावळेपर्यंत उकळलेलं पाणी तेवढं. तरी सकाळ झाली की त्या घागर घेऊन फाटकाजवळच्या विहिरीवर हजर. सून हिना म्हणे, मम्मीजी, तपाचे दिवस तरी गड्याला सांगा. पण ऐकतील त्या जतनबाई कसल्या! नरडाण्याच्या रस्त्यावर सासूच्या नावानं पाणपोई बांधली त्या दिवसापासून तिथलं पाणी त्यांनी दुसऱ्या कुणाला गाळू दिलं नव्हतं.

गाळायचं म्हणजे कसं? जाड सुती गाळणं दुहेरी करायचं, धार बारीक सोडायची, मग गाळणं उलटं करून थोड्या पाण्यानं धुवायचं. त्या धुवणात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ज्या विहिरीतले ते, त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. माहेरी आईनं शिकवलेला हा धर्म जतनबाईंनी साठी उलटली तरी सोडला नव्हता. पूर्वी गाळण्यावर गाळ यायचा, शेवाळाचा तंतू यायचा, एखादी वळवळणारी अळी यायची. गेले दोन पावसाळे मात्र काहीच येत नव्हतं. पाणी इतकं नितळ की तळाचा दगड दिसावा. जतनबाईंना वाटलं, देवानं सेवा रुजू करून घेतली. बाई भोळी. पण भोळेपणाचं बिल नेहमी दुसऱ्याच्याच नावावर फाटतं.

विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांच्या यजमानांची, लालचंदशेठची, जुनी दगडखाण होती. दगड संपला तशी शेठनी ती एका कारखान्याला भाड्यानं दिली. ट्रक येत आणि धातू काढून उरलेला खनिजाचा काळा भुगा तिथं ओतून जात. खालच्या अंगाला भिलांची वस्ती. तिचा झिरा पावसाळ्यात गढूळ व्हायचा. म्हणून जतनबाईंनीच गवत कापायला येणाऱ्या ताईबाईला आग्रहानं सांगितलं होतं, ते गढूळ पिऊ नका, आमच्या इथून बिनधास्त भरून न्या. वस्ती भरून नेऊ लागली. ताईबाईचा मुलगा पुना तर शेठच्याच कपाशीत कामाला. तहान लागली की तो पाणपोईवर यायचा, आणि जतनबाई स्वतःच्या हातानं त्याला तांब्या भरून द्यायच्या.

त्या सकाळी गाळणं पिळताना टर्रकन फाटलं. नवं कापड होतं, पण जुन्या चिंधीसारखं विरलेलं. त्या ते हातात घेऊन बघत होत्या तोवर ताईबाई आली. आज तिच्या हातात विळा नव्हता. पुना धुळ्याला दवाखान्यात होता. आधी पोटात आग, मग उलट्या, आता लघवी बंद. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणाले डॉक्टर, आणि विचारत होते, पाणी कुठलं पिता? वस्तीत आणखीही माणसं पोट धरून पडली होती. हे सगळं तिनं ना रागावून सांगितलं, ना रडून. शेवटी एवढंच विचारलं.

"शेठाणी, तुम्ही घरमा कोनतं पानी पितस?"

घरात शिरपूरहून टेम्पोनं जार येत. विहिरीचं पाणी जड आहे, तुझ्या पोटाला सोसायचं नाही, असं शेठ म्हणाले होते. नवऱ्याच्या त्या काळजीचं जतनबाईंना कौतुकच वाटलं होतं.

त्यांनी हिनाला स्वयंपाकघरात गाठलं. पोरगी रसायनशास्त्र शिकलेली. आधी टाळाटाळ केली, मग रडत रडत सांगून टाकलं. विहिरीची मोटर पुन्हा पुन्हा गंजून खाल्ली गेली तेव्हा तिनंच पाणी जळगावला तपासून आणलं होतं. त्या भुग्यात गंधक असतं. त्याला हवा आणि पाऊस लागला की त्याचं तेजाब होतं, आणि ते तेजाब भुग्यातलं तांबं, शिसं, सोमल विरघळवत विहिरीत झिरपतं. पाणी नितळ दिसत होतं, कारण त्यात काही जगतच नव्हतं. पप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, तिनं सगळं सांगितलं. लगेच घरी जार सुरू झाले. पाणपोई बंद करू या म्हटलं, तर ते म्हणाले, लोक विचारतील ना, का बंद केली म्हणून.

म्हणजे बघा. घरातलं पाणी बदललं, दारातलं नाही. आपल्याकडे ही रीत काही आजची नव्हे. शिळं भिकाऱ्याला, फाटकं मोलकरणीला, अन् वर पुण्य आपल्या पदरात. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि त्यात ही बाई मेलेल्या विहिरीत रोज जीव सोडत होती.

लालचंदशेठ काही राक्षस नव्हते. मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा माणूस. सासूसुनेनं विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. विहिरीत चुना टाकून पाहिला होता, म्हणाले. हिना पहिल्यांदाच सासऱ्यासमोर मान वर करून बोलली. चुना हाच उपाय, पण असा नाही. आधी ढीग चिकणमातीनं झाकायचा, झिरपणारं पाणी चर खणून अडवायचं, चुन्याच्या टाकीतून न्यायचं, धातूचा गाळ तळाला बसू द्यायचा आणि तो गाळही जपून वेगळा ठेवायचा. एकदा करून भागत नाही, वर्षानुवर्षं करावं लागतं. शेठ म्हणाले, करू की. पण पारणं होऊ दे. पाहुणे यायचेत, मिरवणूक ठरलीय, आत्ता वाच्यता नको. पाणपोईला कुलूप लावतो, म्हणाले, आणि लावलंही.

संवत्सरीच्या संध्याकाळी सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते, तेव्हा धुळ्याला पुना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मांडव, बाहेर बँड. पाटावर जतनबाई, पुढ्यात चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी घेऊन शेठ. पहिला घोट नवऱ्यानं द्यायचा होता. जतनबाईंनी हिनाकडे पाहिलं. हिनानं पाणपोईचं कुलूप काढून भरून आणलेला तांब्या पुढे ठेवला.

"पारणं करते," जतनबाई म्हणाल्या. "आधी तुम्ही हे प्या. आईंच्या नावाचं पाणी आहे."

पाहुण्यांना वाटलं, काहीतरी लाडाची रीत असेल. एकदोघं हसलेही. शेठनी तांब्याला हात लावला आणि काढून घेतला. प्या की काका, असं मागून कुणीतरी म्हणालं. शेठनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. हळूहळू मांडवातलं हसणं थांबलं. जतनबाई उठल्या, हिनाच्या खांद्याला धरून चालत वस्तीवर गेल्या.

पुनाला नुकतंच आणलं होतं. ओट्याशी ताईबाई बसली होती. जतनबाई तिच्यासमोर मातीत बसल्या आणि हात जोडून सगळं बोलल्या. माझ्या हातानं पाजलं. घरात माहीत होतं, मला नव्हतं, पण मी विचारलंही नाही कधी. मला क्षमा कर.

ताईबाईनं त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"माफी लीसनी मी काय करू, शेठाणी? घरमा पुनाना लेकरं शेतस. तेस्ले आज काय पाजू, ते सांगा."

त्या दुपारी शेठच्या घरचे सगळे जार हिनानं वस्तीत उतरवले. जतनबाई घरी गेल्याच नाहीत. खाणीच्या तोंडाशी, ट्रकच्या वाटेवर बसल्या. ड्रायव्हर खाली उतरून हातापाया पडू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेठना जाऊन सांग. हा ढीग झाकला की मी पारणं करीन, इथंच."

ट्रक भरलेलाच मागं फिरला. खाणीतला ढीग मात्र उघडाच होता, आणि पाऊस सुरू झाला होता.