व्याह्यांच्या राज्यातली तोफ

मी एक जुनी तोफ आहे. उंची म्हणाल तर अंगठ्याएवढी. पण तोफेचं मोजमाप उंचीवरून करत नाहीत, तोंडावरून करतात, आणि माझ्या तोंडात एक अख्खा वाटाणा मावतो. मित्रांनो, हसू नका. तो वाटाणा ज्याच्या किल्ल्यावर पडेल त्याला हसू येणार नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती.

माझा जन्म केंताऊ गावातल्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत झाला. ओराझबेक नावाच्या कारागिराने पितळेच्या सळईतून लेथवर मला कातून काढलं, पोटात मोडक्या घड्याळाची स्प्रिंग बसवली आणि मागे खिट्टी लावली. मग मला कानाशी धरून त्याने ती खिट्टी ओढली. ‘टक्’ असा आवाज झाला. तो ऐकून त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हा मला वाटाणा भरवणार. पण तो म्हणाला, “नाही. पहिला बार खऱ्या लढाईत.” त्या दिवसापासून आम्हा दोघांना एकच आस लागली. मी एकदा सुटावं.

त्याने मला एका खेळासाठी घडवलं होतं. खेळही त्याच्याच डोक्यातला. लोकरीच्या जाड बुरणुसावर त्याने तीन राज्यं रंगवली. एकाकडे नुसते घोडे, म्हणजे मेंढीच्या घोट्याची हाडं. एकाकडे नुसतं मीठ, म्हणजे बाटलीच्या झाकणात भरलेलं खरं मीठ. एकाकडे नुसत्या विहिरी, म्हणजे निळे मणी. जे आपल्याकडे नाही ते वेळेत मिळालं नाही की राज्य बुडालं. प्रत्येकाचा किल्ला म्हणजे साखरेचा खडा. मधोमध मी. जो युद्ध पुकारील त्याने मला उचलायचं. “अशा मांडणीत माणसं लढणार नाहीत तर काय करतील?” ओराझबेक म्हणायचा. मलाही अगदी तसंच वाटायचं. आम्ही दोघंही भोळे होतो.

हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी कुल्पाशच्या खानावळीच्या मागच्या खोलीत डाव मांडला जाई. खानावळीची मालकीण कुल्पाश मिठाची राणी होती. विहिरी ओराझबेकच्या, आणि घोडे तेमिरखानचे. हा शाळेत मुलांना कुस्ती शिकवायचा आणि ‘सुप्रभात’सुद्धा आव्हान दिल्यासारखं म्हणायचा. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती.

आणि पहिल्याच हिवाळ्यात तो दिवस आला. कुल्पाशने मिठाचा भाव वाढवला. तेमिरखानचे घोडे मरायला टेकले.

“कुल्पाश आपाय, तू थोरली म्हणून शेवटचं विचारतो. देतेस की नाही?”

“एका चिमटीला तीन घोडे.”

“तीन? हे मीठ आहे की नवरीचा शृंगार?”

“तुला कोणी घे म्हटलंय? तुझे घोडे चाटू देत भिंती.”

“बस्स! युद्ध!” तेमिरखानने मला उचललं. वाटाणा भरला. ओराझबेकने श्वास रोखला. मी तिच्या साखरेच्या किल्ल्याकडे बघितलं. मित्रांनो, आयुष्यात इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

तेवढ्यात कुल्पाश उठली आणि स्वयंपाकघरातून एक ताटली घेऊन आली. ताटलीत मेंढीच्या शेपटीची उकडलेली चरबी आणि काळजाचे तुकडे. कोटाचं एक लाल बटण तोडून तिने किल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाली, “ही माझी मुलगी. तुझ्या मुलाला देते. तोंड उघड.”

आता आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईने चरबी आणि काळीज हाताने भरवलं, की तोंड आपोआप उघडतं. त्यात विचार करायला वेळच नसतो. तेमिरखानने तोंड उघडलं आणि गिळलं. ही चरबी आणि काळीज खाल्लं की सोयरीक पक्की; गिळल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण व्याही झालो. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. हजार वर्षं! वाटाणा माझ्या तोंडात, आणि मुदत हजार वर्षांची.

“हा अन्याय आहे,” तेमिरखान म्हणाला.

“व्याही असं बोलत नसतात,” कुल्पाश म्हणाली आणि रीतीप्रमाणे उरलेली चरबी तिने त्याच्या गालाला फासली. त्याने ती हाताने पुसली, आणि तो हात त्याने मला पुसला.

शेपटीची चरबी गार झाली की काय होतं, हे तुम्हाला सांगून तुमचं जेवण मी खराब करणार नाही. एवढंच सांगते, की ती माझ्या तोंडातून पोटात उतरली आणि स्प्रिंगवर बसली.

पुढची वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. घोडे इकडून तिकडे, मीठ तिकडून इकडे. “घ्या ना विहीणबाई, अजून एक घोडा.” “अहो कशाला व्याहीबुवा, संकोच वाटतो.” संकोच वाटायचा आणि घोडा घ्यायची. तेमिरखानने सुनेसाठी आगपेटीची पेटी करून आणली. कुल्पाशने बटणाला गादी शिवली, आत खरी लोकर भरून. व्याह्याला मान म्हणून तिने एक अंगरखा दिला, तो मात्र बटणाच्या मापाचा नव्हता, तेमिरखानच्या मापाचा होता, आणि तो घालून तो शाळेत जायचा. पुढच्या वर्षी लाल बटणाला शर्टाचं एक छोटं बटण झालं. त्याला पाळण्यात घालण्याचा समारंभ झाला, तेव्हा “तान्ह्या बाळासमोर तोफ बरी दिसत नाही” म्हणून मला मिठाच्या झाकणात खुपसून ठेवलं. उलटी. तोंड मिठात.

शांततेच्या गोष्टींत तोफेच्या तोंडातल्या वाटाण्याला कोंब फुटतो म्हणे. माझ्यातला कुजला.

ओराझबेक त्यांना आपल्या विहिरी विकायचा, हसायचा, चहा प्यायचा. पण घरी जाताना मला एकदा उचलून बघायचा. तेवढ्यापुरती मी ताठ बसत असे.

मग एका शुक्रवारी तो म्हणाला, “सोमवारी मी मुलीकडे अल्मातीला चाललोय. आता तिथेच.”

“तिथे करणार काय तुम्ही?” कुल्पाशने विचारलं.

“लिफ्टने वर जाईन. लिफ्टने खाली येईन. आणि तोफ सोबत नेईन म्हणतो.”

तेमिरखान ताडकन उठला. “तोफ नेली तर आम्ही तह कसे करायचे, आगा? मी विहीणबाईंना धमकी कशाची देऊ? बुटाची?”

“खरंय,” कुल्पाश म्हणाली. “तोफ नसेल तर मी मिठाचा भाव चढवतच राहीन. मी मला ओळखते.”

“आणि मी सरळ उचलून नेईन.”

“बघा. तोही स्वतःला ओळखतो.”

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी बेकार नव्हते. मी नोकरीत होते. काम काय, तर तोंड वासून बसणे. ते घोडे, ते मीठ, ती गादी, ती किळसवाणी गोडगोड बोलणी, सगळं माझ्या धाकावर उभं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. मला शिसारी आली.

ओराझबेकने जरा विचार केला. “ठेवतो इथेच. पण एकदा ऐकू द्या. एकच बार. माझ्याच किल्ल्यावर.”

त्यावरही आधी बोलणी झाली. फुटलेली साखर चहात घालायची, वाटाणा शोधायचं काम तेमिरखानचं, आणि दोन्ही राज्यांनी याला युद्ध समजू नये. ओराझबेकने टाचणीने कुजका वाटाणा उकरून काढला, नवा भरला, मला अलगद उचललं आणि कान जवळ आणला. मी माझं सगळं बळ स्प्रिंगमध्ये गोळा केलं. त्याने खिट्टी ओढली.

‘टक्’ झालं नाही. चिखलातून पाय काढावा तसा ‘चप्’ असा आवाज आला. वाटाणा माझ्या ओठावर आला, थांबला, आणि लाळ गळावी तसा खाली पडला.

कोणी हसलं नाही. तेमिरखान आपल्या बोटांकडे बघू लागला. “आगा... ती चरबी माझ्याच हातची...”

“राहू दे,” ओराझबेक म्हणाला. “मीच चुकलो. मी लढाई मांडली, आणि तुम्ही त्यात संसार थाटलात.” त्याने मला जागेवर ठेवलं, आणि तो कान चोळत बाहेर गेला. सोमवारी तो गाडीत बसला.

पुढच्या शुक्रवारी दोघंच बसले. ओराझबेकच्या विहिरी बेवारस पडल्या होत्या.

“सगळ्या माझ्या,” तेमिरखान म्हणाला. “माझे घोडे तहानलेत.”

“अर्ध्या.”

“विहीणबाई, सगळ्या!”

“अर्ध्या म्हटलं ना!”

त्याने हात उगारला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “नाहीतर तोफ डागीन!”

माझ्यातून काही सुटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. माझ्या शेजारी मीठ भरलेलं झाकण होतं, ते त्याने नुसतं उचललं असतं तरी कोण अडवणार होतं?

कुल्पाशने हळूच छातीवर हात ठेवला. “अगबाई! नको हो व्याहीबुवा, तोफ नको! अर्ध्या घ्या, आणि वर दोन चिमटी मीठ घ्या.”

“बरं,” तेमिरखान घाम पुसत म्हणाला. “तुम्ही म्हणताय म्हणून.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला उघड उघड घाबरलं, आणि तेही खोटं. तेव्हापासून दर शुक्रवारी हेच चालतं. तो धमकावतो, ती घाबरते, मीठ घोड्यांकडे जातं, घोडे मिठाकडे. मग अल्मातीहून फोन येतो, आणि ओराझबेक विचारतो, “लढाई झाली का?” दोघं एका सुरात सांगतात, “थोडक्यात टळली, आगा.”

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. पोटात एक थेंब तेल सोडा. डागण्यासाठी नको, तुमचे तह तुम्हाला लखलाभ. पण कोणी तिच्या नावाने धमकी देईल तेव्हा तिला मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी.