डाव्या दाराची बिजागरी

मित्रांनो, तुम्ही मोटारी पुष्कळ पाहिल्या असतील, पण मला पाहिलं नसेल. दार मिटलं की मी आत लपते. दार उघडलं की माणसं बाहेर बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. एका जुन्या लाल मोटारीच्या डाव्या दाराची मी वरची बिजागरी आहे. आता अंगावर गंज चढला आहे आणि फार बोलायची सवयही नाही. तरी सांगण्यासारखं थोडं आहे, ते सांगते.

एकोणीसशे एक्याऐंशी साली मुंबईच्या एका कारखान्यात मी घडले. एका हौशी माणसाने शर्यतीच्या मोटारीसारखी मोटार बांधून घेतली होती. ठेंगणी, दोनच माणसं बसतील एवढी, वर कापडाचं छत. दारं दोनच, म्हणून ती लांब आणि जड होती. माझी बांधणी साधी. लोखंडाची दोन पाती, मधे एक खीळ आणि खिळीभोवती पितळेची पातळ नळी. एक पातं दारापुढच्या मोटारीच्या उभ्या खांबाला, दुसरं दाराला. माझ्या खाली माझ्यासारखीच दुसरी बिजागरी, तिला मी धाकटी म्हणते. दाराचा भार आम्ही दोघींनी वाटून घ्यायचा. पण दार जड असलं की वरची ओढली जाते आणि खालची दाबली जाते, त्यामुळे आधी झिजते ती वरचीच. ही तक्रार नाही. कामच तसं आहे.

त्या हौशी माणसाची हौस लवकर फिटली. मोटार एका पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली. तिथे ती भुजंगरावांना दिसली. भुजंगराव शहागडचे. गोदावरीच्या काठी त्यांची जमीन होती आणि हमरस्त्यावर दोन ट्रक चालत. मोसंबी घेऊन ते मुंबईला गेले आणि येताना ही मोटार घेऊन आले.

गावात आम्ही शिरलो तेव्हा हॉटेलासमोर माणसं जमली. कुणी बोनेटवर हात फिरवला, कुणी वाकून आत पाहिलं. एक म्हातारबाबा सगळीकडून फिरून आले आणि म्हणाले, "भुजंगराव, ही बसायची गाडी हाय का पायात घालायची?"

सगळे हसले. भुजंगरावही हसले. "बसून तर बघा बाबा."

"बसंन मी. पन मला काढंल कोन?"

म्हातारबाबांनी गमतीत म्हटलं, पण पुढे सगळं त्याच गोष्टीवर येऊन थांबायचं होतं. त्या मोटारीत बसणं सोपं होतं, तिच्यातून उठणं अवघड होतं.

भुजंगरावांच्या पत्नी चतुराबाई. सडसडीत बांध्याच्या, भरभर चालणाऱ्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई कुंभार पिंपळगावला दिली होती. माहेरचं म्हणावं असं आता या दोघीच उरल्या होत्या. दुर्गाबाईंचं अंग एका बाजूने लुळं पडलं होतं. त्या खाटेवरून उठू शकत नव्हत्या, म्हणून भेटायला जायचं ते चतुराबाईंनीच. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी लाल मोटार शहागडहून तिकडे निघायची. भुजंगराव बाजारात जात आणि दोघी बहिणी दिवसभर बोलत बसत.

मग एका पावसाळ्यात चतुराबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. भरभर चालणारी बाई एक पाय ओढत चालू लागली. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलं. ती काठी त्यांनी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावून टाकली. कुणी हात पुढे केला की त्या म्हणत, "हात नको. मी काय आंधळी हाय का?" सून असो, शेजारीण असो, खुद्द भुजंगराव असोत, उत्तर एकच.

पण मोटारीतून उठताना त्या दार धरत. दार पूर्ण उघडायचं, त्याच्या वरच्या कडेवर दोन्ही हात ठेवायचे, सगळा भार तिथे टाकायचा आणि उठायचं. दार माणूस नव्हतं, म्हणून त्याचा आधार घेतला असं त्यांना वाटतच नसे. तो सगळा भार दारातून माझ्यावर यायचा. माझी पितळेची नळी चेपली, खीळ हलू लागली, दार खाली उतरलं. मिटताना ते उचलून लावावं लागे. कुणी घाईत जोराने आपटे, कुणी खालून पायाने ढकले. दाराच्या खालच्या पत्र्याला पोचे पडले.

ट्रकच्या पत्र्याचं काम करणारे कचरू गावाला डेंटर म्हणून ठाऊक होते. ठोकून पोचे काढणं, जोडणं, रंग देणं हे त्यांचं काम. त्यांनी दार उघडून वरखाली हलवून पाहिलं.

"मालक, बिजागरी पार खिळखिळी झाली. ह्या दारावर कोन तरी रोज भार टाकून राह्यलं."

भुजंगराव चटकन म्हणाले, "क्लिनर पोरं बसतात दारावर. सांगतो त्यांना."

"पोरांच्या बसन्यानं असं न्हाई होत. बाई उठताना..."

"पोरंच बसतात," भुजंगराव म्हणाले. "तू बिजागरी बघ."

कचरू समजायचं ते समजले. त्यांनी माझी खीळ बदलली. वर्षभराने पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी क्लिनर पोरांचं नाव निघे. ती बिचारी पोरं दाराजवळसुद्धा फिरकत नसत, तरी शिव्या खात. चतुराबाईसुद्धा त्यांना बोलायच्या. "बसायला जागा न्हाई का रे दुसरी? मालकाचा किती खर्चा करता?"

मित्रांनो, भुजंगरावांनी हे कशासाठी केलं ते मला दिसत होतं. दार धरू नको म्हटलं असतं तर चतुराबाईंनी मोटारीत बसणंच सोडलं असतं. पण माझी नीट काळजीही त्यांनी घेतली नाही. जालन्याला नेऊन लेथवर नवी नळी करून घ्यायला हवी होती. त्याला वेळ लागतो. बाजाराचा दिवस चुकू नये म्हणून ते कचरूंना म्हणायचे, "जल्दी कर, काही तरी जुगाड लाव." मग दार कुलपात बसत नाही म्हणून कुलपाची खाचच कानशीने घासली. खांबाच्या पत्र्याला चीर गेली होती, तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून लाल रंग मारला. दसऱ्याला मोटार धुतली, बोनेटवर झेंडूचा हार घातला. लोक म्हणाले, गाडी नव्यासारखी दिसते. लांबीखाली गंज पसरत होता तो मला आणि धाकटीलाच कळत होता.

पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दुर्गाबाईंच्या घरासमोर चतुराबाईंनी नेहमीसारखं दार उघडलं. दोन्ही हात वर ठेवले आणि भार टाकला. माझी खीळ तुटली. धाकटीखालचा पत्रा लांबीसकट फाटला. दार जमिनीवर गेलं आणि त्याच्यावर चतुराबाई.

ओट्यावरच्या बायका धावल्या. हात पुढे आले. चतुराबाईंनी एकही हात घेतला नाही. मडगार्डला धरून स्वतःच उठल्या, लुगडं झटकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी पदराआडून हसलं. "माय, बाईनं तर दारच खाली आनलं." चतुराबाईंनी ते ऐकलं. त्या दुर्गाबाईंजवळ घटकाभर बसल्या, पण बोलल्या नाहीत.

दार दोरीने मागे बांधून मोटार शहागडला आणली. माझं एक पातं दारावर होतं, एक खांबावर. कचरू आले, त्यांनी चीर पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "मालक, मी किती बार सांगितलं, बाईंचा भार पेलना म्हनून. तुमी पोरांचंच नाव घेऊन राह्यले."

चतुराबाई ओसरीवर उभ्या होत्या.

त्या भुजंगरावांना म्हणाल्या, "म्हंजी सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच न्हाई."

"तसं न्हाई..."

"पोरांना मी शिव्या दिल्या. तुमी ऐकत बसले."

भुजंगराव दाराची दोरी सोडायला लागले.

त्या दिवसापासून चतुराबाईंनी बाहेर जाणं सोडलं. ट्रकची पायरी उंच, कुणीतरी उचलून चढवावं लागलं असतं. एस.टी.त कंडक्टर हात धरणार. दोन बाजार गेले. कचरूंनी दार काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. खांब कापून नवा पत्रा जोडायचा होता आणि माझी नवी खीळ जालन्याला लेथवर पडली होती. मी अर्धी भिंतीशी, अर्धी खांबावर. इतकी वर्षं चालत्या कामात गेली होती. रिकामं असणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी कुंभार पिंपळगावचा एक भाजीवाला शहागडवरून चालला होता. तो ओसरीपाशी थांबला आणि म्हणाला, "काकू, दुर्गामावशीनं निरोप दिलाय. चतुराला म्हनावं, आमच्या घरच्या बाया हसल्या, त्याची माफी मी मागते. पन रागानं येनं बंद करू नको. मला तर येता येत न्हाई."

चतुराबाई खाली बसल्या. खाटेवर पडलेली बहीण आपल्यामुळे स्वतःला दोष देत असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

सकाळी त्या मोटारीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "चला."

"दार न्हाई लावलेलं अजून," भुजंगराव म्हणाले.

"दिसतं मला. दोरी बांधा आडवी."

दोरी बांधली आणि मोटार निघाली. उघड्या बाजूने धूळ आत येत होती. चतुराबाईंनी पदर तोंडावर घेतला होता आणि एका हाताने दोरी धरली होती.

दुर्गाबाईंच्या घरासमोर मोटार थांबली. ओट्यावर त्याच बायका होत्या. दोरी सोडली. आता उठायचं. चतुराबाईंनी सवयीने हात वर नेले, तिथे काही नव्हतं. एकदा प्रयत्न केला, पाय घसरला, पुन्हा बसल्या. बायका बघत होत्या, पण या वेळी कुणी पुढे आलं नाही. मागचा अनुभव होता.

भुजंगराव आपल्या बाजूने उतरले आणि वळसा घालून डावीकडे आले. मला वाटलं, आता हात देतील आणि पुन्हा तेच होईल. त्यांनी हात दिला नाही. उघडं दार जिथे असायचं तिथे ते आडवे उभे राहिले, गुडघे जरासे वाकवून, खांदा चतुराबाईंकडे करून. आणि बघत होते रस्त्याकडे, जणू काही आपला त्या उठण्याशी संबंधच नाही.

चतुराबाई जरा वेळ त्या खांद्याकडे बघत राहिल्या.

"तुमी असं काय उभं राह्यले दारासारखं?"

"दार दुरुस्तीला हाय," भुजंगराव रस्त्याकडे बघतच म्हणाले. "तवर मी."

ओट्यावर कुणी हसलं नाही. चतुराबाईंनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर ठेवले, सगळा भार टाकला आणि उठल्या. भुजंगराव हलले नाहीत. आतून दुर्गाबाईंचा आवाज आला, "आली का गं?" आणि चतुराबाई पाय ओढत आत गेल्या.

खांबावरच्या माझ्या एका पात्याने मी हे सगळं पाहिलं.

पुढे जालन्याहून खीळ आली, पितळेची नळी आली. कचरूंनी गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, दार जाग्यावर बसवलं. मी पुन्हा अख्खी झाले. पण चतुराबाईंनी माझ्यावर पुन्हा भार टाकला नाही. मोटार थांबली की भुजंगराव वळसा घालून येत आणि तसेच आडवे उभे राहत. त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. दुर्गाबाई पुढे तीन वर्षांनी गेल्या. नंतर ही दोघं डॉक्टरकडे, लग्नाकार्याला जात. भुजंगरावांची कंबरही वाकली. शेवटी शेवटी कोण कुणाला उठवतं ते मला कळेनासं झालं.

आता दोघंही नाहीत. मोटार गोठ्याच्या मागे उभी आहे. लाल रंग उन्हाने फिका पडला आहे, पण डावं दार अजून एका बोटाने उघडतं आणि आवाज न करता मिटतं.

मित्रांनो, एखादं दार जमिनीला घासायला लागलं तर त्याला लाथ मारू नका. कुलपाची खाच घासू नका, चीर रंगाने झाकू नका. दोन्ही हातांनी दार थोडं वर उचला आणि भार कुणावर आला आहे ते बघा. तिथे तेलाचे दोन थेंब सोडा. आणि तुमच्या घरात कुणी "हात नको" म्हणत असेल, तर वाद घालू नका आणि निघूनही जाऊ नका. भार टाकता येईल इतक्या जवळ जाऊन नुसते उभे राहा.