कपारीपुढची चिंगी

धुळवडीला आमच्या डोंगरावर रंग खेळत नाहीत, रक्त खेळतात. तिसगावच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. सकाळी हलगी कडाडली की बारा-पंधरा कुत्री, जाळी, काठ्या, कुऱ्हाडी घेऊन पन्नास-साठ माणसं पारधीला डोंगर चढतात. कायद्यानं बंदी आहे. बंदी गुटख्यालाही आहे.

मी कल्याण. वीस वर्षं त्या पारधीत सगळ्यांच्या पुढं मीच. सशाचे मागचे पाय मोडून त्याला जिवंतच जाळीत टाकायचो, म्हणजे तो किंचाळतो आणि बाकीचे बिथरून बाहेर पडतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून मला कुणी संतमहात्मा समजू नये. नंतर वनखात्यात रोजंदारीवर लागलो. वाल्याचा वाल्मीकी वगैरे काही झालो नाही, ऊसतोडीचा कंटाळा आला होता एवढंच.

तेव्हाच पुण्याच्या रोहिणी मॅडम वाघाटीच्या शोधात आल्या. वाघाटी म्हणजे रानातलं सगळ्यात लहान मांजर. घरच्या मांजरीच्या निम्मं, अंगावर तांबूस ठिपके, आणि नजरेला पडेल तर शपथ. पाच महिने डोंगरभर कॅमेरे बांधले. त्यांत ससे आले, साळिंदर आलं आणि एकदा टमरेल घेतलेले सरपंच आले. वाघाटी नाहीच.

मी म्हटलं, "म्याडम, कॅमेऱ्याला नाक नसतं. माझी चिंगी काढंल हुडकून."

चिंगी माझी कारवानी कुत्री. लांब तोंड, पाठीला गेलेलं पोट, वाऱ्याच्या पुढं पळणारी. माझ्या थोरल्या चुलतभावानं, आबासाहेबानं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिला जगवलं आणि मला दिलं. मॅडमनी प्राणिसंग्रहालयातून डबीत वाघाटीची विष्ठा आणली होती. त्या वासावर मी चिंगीला शिकवली. वास सापडला की खाली बसायचं आणि भुंकायचं. धरायचं नाही, चावायचं नाही. मग मी गूळ लावलेला भाकरीचा तुकडा द्यायचा. दीड महिन्यात शिकली. शिकारी कुत्रीला शिकार सोडायला शिकवली म्हणून मी मिशीला पीळ देत हिंडलो.

माघात ती घायपाताच्या बेटामागं एका कपारीपुढं बसली. आत दोन पिल्लं, मुठीएवढी. मॅडम रडल्या. मीही डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. तिथं कॅमेरा बांधला. दर आठवड्याला त्यातलं कार्ड बदलायला आम्ही दोघं जायचो. चिंगी कपारीपुढं बसायची, तुकडा खायची, परत यायची.

धुळवडीच्या आदल्या दिवशी मी आबासाहेबाचे पाय धरले. "दादा, पारध पलीकडच्या उताराला काढा. घायपाताकडं येऊ नका." तो हसला आणि हो म्हणाला. सकाळी चिंगीला साखळीनं बांधून, पारध इकडं वळू नये म्हणून मी कुऱ्हाड घेऊन खिंडीत जाऊन उभा राहिलो.

दहाच्या सुमाराला बायकोचा फोन आला. "अवो, आबा भाऊजींनी चिंगीला सोडून न्हेली. म्हनले, इतकी पळणारी कुत्री कुनी घरी ठिवतं का?"

फोन बंद करायच्या आतच भुंकणं आलं. घायपाताकडून. चिंगीचं.

पलीकडच्या उतारावरून ती सरळ तिथंच गेली होती, कारण तुकडा तिथं मिळतो हे मीच तिला शिकवलं होतं. आणि तिच्या मागं चौदा कुत्री लागली होती.

मी पोचलो तेव्हा चौदाही कपारीला भिडली होती. त्यातली दोन, तोंडं आत खुपसून, दगड चावत होती. चिंगी तेवढी शहाण्यासारखी बाजूला बसून भुंकत होती. मला बघून तिनं शेपटी आपटली. मी कुऱ्हाडीच्या दांड्यानं कुत्र्यांच्या बरगड्या झोडपत कपारीच्या तोंडात आडवा पडलो. एकानं पोटरीचा लचका तोडला.

तोवर माणसं वर आली. आबासाहेब म्हणाला, "चिंगी बसली म्हंजी आत माल हाय. घोरपड असंल. धुरी द्या."

"दादा, आत वाघाटी हाय. पिल्लं हायेत तिची."

"मग? वाघाटी काय तुझी सोयरी लागती?"

लोक खदखदून हसले. वस्तीतला मच्छिंद्र वाळलं गवत घेऊन पुढं आला. मी दांडा घातला, त्याचं मनगट मोडलं. मग चौघांनी मला पायाला धरून बाहेर ओढलं आणि लाथांनी तुडवलं. एक दात मी रक्तासकट गिळला. गवत पेटलं, धूर आत शिरला.

आणि वाघाटी बाहेर आली. सव्वा-दीड किलोचा जीव, पळाली नाही. पहिल्या कुत्र्याच्या तोंडावर उडी घेतली, त्याचा डोळा फोडला आणि पुन्हा धुरात, पिल्लांकडं गेली. ते कुत्रं केकाटत गोल फिरायला लागलं, बाकीची पिसाळल्यासारखी तुटून पडली.

पारधीचा एक नियम आजवर कुणी मोडलेला नाही. कुत्रं मेलं की पारध मोडली. हत्यारं टाकायची, सगळ्यांनी मिळून त्याला माती द्यायची आणि रिकाम्या हातानं घरी जायचं. मी कुऱ्हाड उचलली. दोन कुत्र्यांवर घाव घातले, दोन्ही हुकले. कारवानी कुत्रं असं हाताला लागत नाही. माझ्या हाकेला येणारं तिथं एकच होतं.

"चिंगे, ये."

ती उठून आली, जिभल्या चाटत. मी गुडघ्यावर बसलो, डाव्या हातानं तिचं तोंड छातीशी धरलं आणि कुऱ्हाड कानामागं घातली. एका घावात गेली नाही. दुसरा घालावा लागला. मधल्या वेळात तिनं माझ्याकडं बघितलं, तेही सांगतो.

हलगी थांबली.

मी ओरडलो, "पारध मोडली! कुत्रं मेलं! इझवा ती आग!"

आबासाहेबानं पायानं आग विझवली. कुत्री बांधायला लावली. मग माझ्याकडं वळून माझ्या तोंडावर लाथ घातली. "मांजरापायी? हिला मी बोळ्यानं दूध पाजलं हुतं रं!" आणि तिथंच बसून हा साठीचा माणूस लेकरासारखा रडला. तिला त्यानं आपल्या पटक्यात गुंडाळलं. सगळ्यांनी माती दिली. मला देऊ दिली नाही.

चौथ्या दिवशी मॅडम फोटो घेऊन आल्या. वाघाटी एक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या कड्याकडं चालली होती. एक गुदमरून मेलं, दुसरं जगलं.

"कल्याणदादा, तुमच्यामुळे वाचल्या या दोघी."

"माझ्यामुळंच घावल्या हुत्या, म्याडम."

त्यांनी फोटो पुढं केला. फोटो मी घेतला नाही. मला त्या मांजरीचा राग येतो, खोटं कशाला बोलू? तरी रोज तो डोंगर मी राखतो.

अजून तरी पारध पुन्हा निघालेली नाही. आबासाहेब माझ्याशी बोलत नाही. त्याच्या दारात आता कारवानीची पाच पिल्लं आहेत. मी रस्त्यानं निघालो की शेपट्या हलवत माझ्याकडं धावत येतात. मी दगड मारून त्यांना हाकलतो. आबासाहेब ओट्यावरून शिव्या घालतो. घालू दे. पण ती माझ्याजवळ यायला शिकता कामा नयेत.