मधल्या माणसाचे बत्तीस रुपये

माझा दांडा गंजला आहे, मित्रांनो, तरी अच्युत कारकुनांच्या हाताची त्याला अजून ओढ लागते. मी बेरीज-भागाकाराचं एक जुनं यंत्र आहे. लोखंडी अंग, बाजूला दांडा, वर आकड्यांची खिडकी. मध्यभारताच्या काळात मी इंदूरच्या एका सरकारी कचेरीत राबलं. साहेब मला 'कधी न चुकणारं' म्हणत आणि मी फुगत असे. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

१९५२ साली छत्रीबागेतल्या एका गल्लीची पाहणी झाली. गल्लीची सरासरी मिळकत महिना पन्नासच्या वर गेली तर तिथलं सस्त्या धान्याचं दुकान बंद, असा नियम त्या साली नवाच आला होता. अच्युतांनी यादीतल्या अकरा नावांची मिळकत घालून दांडा फिरवला. बेरीज अकराशे, भागिले अकरा, सरासरी शंभर. १९४७ साली याच नावांची सरासरी ऐंशी होती. साहेबांनी शेरा मारला, 'गल्ली सुधारली.' दुकानाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या सखुबाई कचेरीत आल्या. मागून त्यांचे यजमान जयसिंगराव. संस्थानची पलटण मोडल्यावर ते एका गोदामावर राखणदार झाले होते.

"अच्युतजी, ते शंभर कोणाच्या चुलीत गेले? आमच्याकडे तर नाही पोचले," सखुबाई म्हणाल्या. "जरा मशीनला पूछा ना."

मला काय विचारता? मला बेरीज येते, माणूस दिसत नाही.

अच्युतांनी अकरा चिठ्ठ्या केल्या, कमी मिळकतीपासून जास्तीपर्यंत टेबलावर ओळीने मांडल्या आणि बरोबर मधल्या, सहाव्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. बत्तीस रुपये. चिठ्ठी जयसिंगरावांचीच. मग सत्तेचाळीसची यादी तशीच मांडली. तेव्हा मधला माणूस बेचाळीस मिळवत होता.

"सरासरी वीसने चढली आणि मधला माणूस दहाने उतरला," अच्युत म्हणाले. "ही सगळी चढण एकट्या पहिल्या नावाची आहे."

पहिलं नाव प्रतापरावांचं. पूर्वीचे मानकरी, आता ठेकेदार, महिना सातशे ऐंशी. राहायचे लालबागेकडे, बंगल्यात. पण गल्लीची कुठलीही यादी, गणपतीची असो की सरकारी, त्यांच्याच नावाने सुरू व्हायची. मान म्हणून. पाहणीत ते नाव गल्लीनेच लिहून दिलं होतं.

"मधल्या माणसाचा रकाना फॉर्मात नाही," अच्युत म्हणाले. "पण हे गल्लीत राहतच नाहीत. नाव कापा, बाजूला सही करा, दुकान उघडेल." आणि त्यांनी दांडा फिरवला. तीनशे वीस भागिले दहा. माझ्या खिडकीत बत्तीस उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललं.

जयसिंगरावांनी टाक उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"प्रतापराव सरकारांचं नाव, माझ्या हाताने? नाही अच्युतभिया, ते नाही होणार."

"सरकार येतात का तुमच्या ताटात भाकरी टाकायला?" सखुबाई म्हणाल्या.

"तू गप बस."

टाक खाली ठेवला गेला. अच्युतांनी थोडी वाट पाहिली, मग दांडा उलटा फिरवला. खिडकीत शून्यं आली. दुकान उघडलं नाही.

मला साहेबाचा राग येतो, त्या मानाचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा. छप्पन्न साली कचेरी भोपाळला गेली, अच्युत गेले, मी अडगळीत राहिलं. ते बत्तीस पुन्हा एकदा खिडकीत यावेत आणि कोणीतरी लिहून घ्यावेत, एवढ्यासाठी जीव तळमळतो.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल घाला, धूळ पुसा. पण आम्ही सांगितलेली सरासरी ऐकून खुशाल घरी जाऊ नका. माणसं ओळीत उभी करा, मधल्याजवळ जा आणि आज त्याच्या घरी काय शिजलं, ते विचारा.