जांभळ्या तळ्यातली फेरी

निसर्गाने घडवलेली प्रत्येक गोष्ट अमोल असते. जलपर्णीचं मोल काढायला मात्र जलाशय खात्याने एक माणूस नेमला होता, आणि तो मंगळवारी भर दुपारी छत्री, फाइल आणि जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर हजर झाला. त्याला सगळे मोजणीसाहेब म्हणत.

तळं होतं, पण दिसत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी जाड पानं आणि त्यांवर जांभळी फुलं. खाली पाणी आहे हे ऐकून माहीत असलेल्यांनीच ते मानायचं. एक पाणकोंबडी त्यावरून चालत गेली, बँकेत काम असल्यासारखी.

नावाड्याला फुलांचं कौतुक नव्हतं. सलग तीस दिवस एकही फेरी पार पडली नाही तर परवाना रद्द, असा नियम होता. आणि फेरी म्हणजे तिकीट काढलेला निदान एक प्रवासी पाचच्या आत पलीकडच्या धक्क्यावर उतरला पाहिजे. आज तिसावा दिवस होता. रोज तो नाव लोटायचा, रोज ती वीस हातांवर अडकायची आणि प्रवासी शिव्या देत परतायचे. अलीकडे शिव्या द्यायलाही कुणी येत नव्हतं. नाव बापाची होती, दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शिकायची हौसही नव्हती. म्हणून पहाटेपासून कोयता घेऊन त्याने तळ्याच्या मध्यापर्यंत एक वाट कापून ठेवली होती. पुढे कोयत्याचा दांडा तुटला.

"मला फक्त मधोमध जाऊन दाटी बघायची आहे," मोजणीसाहेब म्हणाले.

"बघा की. तिकीट मात्र पलीकडचंच मिळेल," आत्या म्हणाली. ही नावाड्याची आत्या. नावेवर तिकिटं फाडणं आणि भाच्याला अक्कल शिकवणं ही दोन्ही खाती तिच्याकडे होती.

"मी सरकारी कामावर आहे."

"मग आम्ही काय चोरीच्या कामावर आहोत? काढा."

साहेबांनी तिकीट काढलं.

वाट मधोमध संपली. मागे वळून पाहिलं तर मागचीही संपली होती. पानं पुन्हा एकमेकांना बिलगून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने बसली होती. नावाड्याने बांबू रोवला. बांबू रुतला तो रुतलाच.

साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. "दिवसाला किती तास वाया जातात?"

नावाड्याने चहूकडे पाहिलं. "आत्ताचे धरायचे का?"

"मासेमारी, पंप, डास, सगळं धरून नुकसान साडेअकरा कोटींवर गेलंय. तुमचं तेवढं मिळवायचं राहिलं."

"आमचं मिळवून बारा होतील?"

"तुमच्याने दशांशसुद्धा हलणार नाही."

नावाडी हिरमुसला. इतकं बुडूनही माणूस हिशेबात दिसू नये, म्हणजे काय!

"पुढचा रकाना," साहेब म्हणाले. "ही वनस्पती तळ्यात आली कशी?"

नावाडी एकदम बांबूकडे निरखून बघू लागला. आत्याने पदर सारखा केला. दुपार उतरत होती. लाकडाच्या वखारीतल्या करवतीचा आवाज दोन्ही काठांवरून एकदमच येत होता, जणू कुणी तळं मधोमध कापत होतं. फुलांवरून येणारा उजेड जांभळा होऊन साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. त्यांनी बूट काढले. मग मोजे. मग फाइल उशाला घेतली.

"मीच आणली होती," आत्या म्हणाली. "दोन बादल्या घेतल्या तर रोप फुकट होतं. फूल काय सुरेख! पुढे ते बादलीत मावेना, म्हणून दिलं तळ्यात सोडून. म्हटलं, मोकळं वाढू दे बिचारं."

"फुकट," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "असं लिहिलं तर वरचे लोक माझीच चौकशी लावतील. 'पक्ष्यांमार्फत' लिहितो."

"लिहा. पक्षी काय सही करायला येणारेत थोडेच!"

साडेतीनला वारा सुटला. आधी एक पान हललं, मग आवाज न करता सगळंच हललं.

"पलीकडची पाण्याची टाकी सरकतेय," साहेब अर्धवट झोपेत म्हणाले.

"टाकी नाही, आपण."

अख्खं तळंच निघालं होतं. पानं, फुलं, पाणकोंबडी आणि नाव, कुणीतरी पलीकडून गालिचा ओढावा तसं. नावाड्याचे हात शिवशिवले. त्याने वल्हं उचललं.

"ठेव खाली," आत्या म्हणाली. "जन्मभर लोटलंस. एकदा बसून बघ."

तो बसला. आपल्याच नावेत प्रवासी म्हणून तो कधी बसला नव्हता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. काठ इतका हळू जवळ येत होता की बघत बसलं तर येतच नव्हता. तो बघत बसला. वखार बंद झाली. एक चतुर उडत येऊन साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर बसला आणि साहेब झोपेत हसले.

नाव पलीकडच्या धक्क्याला लागली तेव्हा तिथला परवान्यांचा कारकून खिडकीला कुलूप लावत होता. पाचला चार मिनिटं होती.

"साहेब, उतरा!"

"माझा डावा बूट..."

"तो मागून येईल! उतरा!" आत्याने त्यांना अक्षरशः लोटलं. मोजणीसाहेब एक पाय बुटात आणि एक अनवाणी असे पलीकडे उतरले, तिकीट हातात.

कारकुनाने आधी तिकीट पाहिलं, मग घड्याळ, मग हातावर हात ठेवून बसलेला नावाडी. "नाव चालवली कुणी?"

"नियमात तसं विचारलंय का?" आत्या म्हणाली.

कारकुनाने खिडकी उघडून नियम काढला. विचारलं नव्हतं. त्याने शिक्का मारला. परवाना रद्द व्हायचा वाचला, नावाड्याने पहिल्यांदाच मागे वळून त्या फुलांकडे नीट पाहिलं, आणि ती बरी दिसतात हे नाइलाजाने मान्य केलं.

साहेब परत बसने गेले. रस्त्याने वळसा अकरा मिनिटांचा आहे.