चंद्रिकेचा तिसरा भाग

मंद्रूप गावची फुलाबाई सातवीपर्यंत शिकलेली होती. नवरा सोलापुरात गिरणीत लागला, तशी तीही आली आणि विडीच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथल्या बहुतेक बाया विणकरांच्या घरच्या, आपसात तेलुगू बोलणाऱ्या. मराठी बोलायच्या, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. म्हणून दुपारी फुलाबाईनं वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायची आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, असं ठरून गेलं होतं.

एकदा चंद्रिका नावाच्या बाईची गोष्ट असलेली कादंबरी आली. तिचा नवरा बोटीवर गेलेला, आणि ती दारात वाट बघत उभी असतानाच पुस्तक संपलं. बायांना ते मुळीच पटलं नाही.

"असं कुटं संपतंय व्हय?" सगळ्यांत वडीलधारी काशम्मा म्हणाली. "त्यो आला का न्हाय, ते सांग की."

"दुसरा भाग हाय," फुलाबाईच्या तोंडून निघून गेलं.

दुसरा भाग कुठंच नव्हता. तिनं कोंबड्या पाळायच्या माहितीचं पुस्तक आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि त्यात बघत मनानंच सांगू लागली. विडी वळणाऱ्या बाईनं रचलेलं कोण ऐकून घेणार? छापलेलं म्हटलं की माणसं कान देतात. चंद्रिका बंदरावर गेली, शिवणकाम करू लागली, सासऱ्याला तिनं ठणकावलं. गोष्ट आपोआप पुढं पळत होती. विडीची पानं कापणाऱ्या बायांच्या कात्र्या थांबायच्या.

"लिहिणाऱ्याच्या हाताला सोनं लागू दे," काशम्मा म्हणाली, तेव्हा फुलाबाई हरखली आणि लगेच खट्टूही झाली. सोनं दुसऱ्याच्याच हाताला लागत होतं. मग ती मुद्दाम विचारू लागली, "सासऱ्याचं कसं वाटलं गं?" कुणी चांगलं म्हटलं की घरी भाकऱ्या थापताना तेच मनात घोळवायची.

दुसरा भाग संपला आणि बायांनी तिसरा मागितला. इथं थांबावं, असं तिला आतून वाटत होतं. चंद्रिकेचं सांगण्यासारखं सारं सांगून झालं होतं. पण न सांगावं तर दुपारी कुणी तिच्या तोंडाकडं बघणार नव्हतं. तिनं गोष्ट ताणायला घेतली. एक चोर आणला, एक पूर आणला. काशम्मानं जांभई दिली.

"लिहिणारा दमला जणू," ती म्हणाली. "उगं पाणी वाढवतोय."

बाया हसल्या. फुलाबाईनं पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मागं जाऊन चंद्रिकेच्या नवऱ्याचं घर सोडणं सांगितलं. पहाटे निघताना पोरगी त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली असते. ती जागी होऊ नये म्हणून तो हळूच दंड काढून घेतो, अंगातल्या सदऱ्याची घडी तिच्या डोक्याखाली सरकवतो आणि उघड्या अंगानं बाहेर पडतो.

हे तिनं रचलेलं नव्हतंच. तिच्या शेजारी बसणाऱ्या सिद्धम्माचा नवरा दुष्काळाच्या साली भिवंडीला यंत्रमागावर कामाला म्हणून गेला, तो परतला नव्हता. तो कसा गेला, हे सिद्धम्मानं एकदा नळावर फक्त फुलाबाईला सांगितलं होतं.

काशम्मानं पदरानं डोळे पुसले. "आता कसं बोलला," ती म्हणाली. फुलाबाई सुखावली. मग तिची नजर शेजारी गेली. सिद्धम्माच्या मांडीवरच्या सुपात अर्धी वळलेली विडी तशीच पडली होती.

सुट्टी झाल्यावर सिद्धम्मानं तिला दाराशी गाठलं. तिचा चेहरा फुलून आला होता.

"फुला, ह्यो लिहिणारा कुटं राहतो?"

"का गं अक्का?"

"त्याला आमचं मालक भेटल्यात. सदऱ्याचं त्यांनीच सांगितलं आसणार. मी तुझ्याबिगर कुणाला बोलले न्हाय, आन तू तर छापलेलंच वाचतीस. तू पत्ता तेवढा बघ. भावाला घेऊन मी जाते."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण फुलाबाई "बघते" म्हणाली आणि घरी आली. सकाळी नळावर कळलं, सिद्धम्माच्या भावानं रजा टाकली होती आणि पुस्तकं मुंबईत छापतात म्हणून ती दोघं मुंबईच्या गाडीनं निघणार होती.

फुलाबाई कामावर न जाता थेट तिच्या घरी गेली. सिद्धम्मा वाटेसाठी भाकऱ्या बांधत होती.

"आलीस? सांग पत्ता."

"अक्का, लिहिणारा कुनी न्हाय. पुस्तकात तसलं काय न्हाय. मी मनानं सांगत हुते. सदऱ्याचं तुझंच घेतलं."

सिद्धम्माला आधी उमगलंच नाही. ती फडक्याची गाठ मारत राहिली. मग तिचे हात थांबले.

"म्हंजे ते कुणाला भेटलं न्हाईत."

"न्हाय."

"कशापायी केलंस?"

खोटं कारण सुचत होतं, पण फुलाबाईनं ते गिळलं. "बायांनी चांगलं म्हणावं म्हणून."

सिद्धम्मानं फडक्याची गाठ सोडली.

"मला सांगायचं हुतंस की," ती म्हणाली. "मी म्हणले असते चांगलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर फुलाबाई मान खाली घालून ऐकून घेऊन गेली असती. हे मात्र तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुपारी कारखान्यात येऊन तिनं बायांनाही सांगून टाकलं, की दुसरा आणि तिसरा, दोन्ही भाग तिनं रचलेले आहेत. सदऱ्याचं कुणाचं, ते मात्र सांगितलं नाही. काशम्मानं हनुवटीला हात लावला.

"तुझ्या डोक्यातलं व्हय हे? आगं बया. मग पुढं काय झालं चंद्रिकेचं?"

इतके दिवस फुलाबाई ज्याला आसुसली होती ते असं समोर आलं आणि तिचं मन खरोखरच उचंबळलं. शेजारची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेसमोर आपल्याला आनंद होतोय, याचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"पुढं मला ठावं न्हाय," ती म्हणाली आणि स्वतःचं सूप मांडीवर ओढून विड्या वळू लागली.

आठवडाभरानं सिद्धम्मा कामावर आली आणि पलीकडं, काशम्माजवळ बसली. दुपारी बायांनी वाचायचा आग्रह धरला. फुलाबाईनं सिद्धम्माकडं पाहिलं.

"वाच," सिद्धम्मा खाली बघतच म्हणाली. "पर छापलेलं वाच."