सोळा अंशांखालचा लाल दिवा

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा डिलीट मारलं. शोभनाकाकूंच्या वाचनात आलं तर काय, ही एक भीती. दुसरी रुहानची. तो म्हणाला, लिहायचं तर लिही, पण पहिल्या दिवशी मीपण घाबरलो होतो ते गाळू नको. गाळत नाही. त्याच्याच बाजूने सांगतो.

२००९ च्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, सकाळचे साडेसात. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलाचं गेट बंद, पडदे ओढलेले, आणि मागच्या अंगणात स्विमिंग पूलभोवती पंचवीस-तीस माणसं अंग चोरून उभी. गाड्या सगळ्यांनी दोन गल्ल्या सोडून लावलेल्या. जादूटोणा म्हणून असलं काही इथे पकडलं गेलं तर तुरुंग, ते प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी आले होते. बँकेतले, ऑइल कंपनीतले, इंजिनिअर, एक दातांची डॉक्टरीण. मंदीच्या त्या दोन महिन्यांत प्रत्येकाच्या ऑफिसातून कोणी ना कोणी खोका उचलून घरी गेलेलं. पुढचा नंबर कोणाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. घाबरलेला माणूस शिकलेला असला तरी काय, कोणीतरी ठामपणे बोलणारा हवा असतो त्याला.

तो ठामपणे बोलणारा म्हणजे महादू अण्णा. शनिवार ते गुरुवार बागांना खतं सप्लाय करायचा. शुक्रवारी महाराज.

"हे पाणी नाही माऊली, हा आरसा आहे," अण्णा शोभनाकाकूंना सांगत होता. "एनर्जी बघा. व्हायब्रेशन बघा. तुमचा माणूस इथेच आहे. तो बघा, दिवा लावून बसलाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. पंपरूमचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवरच्या मशीनचा लाल दिवा जळत होता. हा दिवा रोज पहाटे आपोआप लागायचा आणि दुपारी आपोआप जायचा. तीन आठवडे हेच चाललं होतं. कोणी हात लावत नव्हतं.

रुहान पूल साफ करणारा. रत्नागिरीकडचा, वय चोवीस, शाळा दहावीला सुटलेली, पाण्याचं सगळं शिक्षण मॅन्युअल वाचून आणि हात सोलून घेऊन झालेलं. अण्णाने त्याला एकच काम सांगितलेलं, पंप बंद ठेव, देवाला आवाज चालत नाही. रुहानने पंप बंद केला. पाणी काचेसारखं स्तब्ध झालं.

अण्णाने थर्मासमधलं तीर्थ कलशात ओतलं, कलशातलं पायरीपाशी पाण्यात सोडलं. काही झालं नाही. पाच मिनिटं मंत्र. मग रेशमी पिशवीतून मूठभर पांढरं भस्म काढून त्याच जागी भिरकावलं.

पाण्यात एक तांबडी रेघ उमटली. मग दुसरी. मग पायरीपासून तांबडा ढग हळूहळू खाली उतरायला लागला, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. रुहानच्या हातातली जाळी खाली पडली. त्याने मनात कलमा म्हटला. त्याला त्या ढगात काकांचा चेकचा शर्ट दिसला, हे त्याने नंतर मला शपथेवर सांगितलं.

काका म्हणजे दत्तप्रसादकाका, शोभनाकाकूंचे मिस्टर. बिल्डर कंपनीत मोठ्या पोस्टवर, व्हिला कंपनीनेच दिलेला. नोव्हेंबरात कंपनीने अर्धा स्टाफ काढला, त्यात काका. डिसेंबरात एका सकाळी इंटरव्ह्यूला जातो म्हणून निघाले. चार दिवसांनी गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मिळाली, चावी आतच. तशा गाड्या तेव्हा पुष्कळ मिळत होत्या. पण त्या गाड्यांचे मालक कर्ज मागे टाकून विमानात बसून गेलेले असायचे. काकांचा पासपोर्ट घरी कपाटात होता.

मग माणूस गेला कुठे? पोलिसात नोंद झाली, हॉस्पिटलं झाली. काकू रोज दोन ताटं वाढायच्या आणि एक झाकून ठेवायच्या.

आपल्यात बेपत्ता माणसाचे दिवस घालायला बारा वर्षं थांबायची रीत. अण्णाने ती बारा वर्षं एका सकाळीत उरकली. पाण्यानेच साक्ष दिली म्हणाला, आता थांबाल तर त्याला अडकवून ठेवाल. पुढच्या शुक्रवारी काकूंनी मंगळसूत्र आणि बांगड्या उतरवून लाल फडक्यात बांधायच्या, कुंकू पुसायचं, ते गाठोडं अण्णा फुजैराच्या समुद्रात सोडणार.

काकू हो म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना त्या दुपारी झोप लागली.

काकांचा मुलगा सिद्धांत रुहानचा दोस्त. वाळूच्या मैदानावर क्रिकेट खेळता खेळता झालेली दोस्ती. त्याच संध्याकाळी दोघं गेटबाहेर बसले होते. सिद्धांत म्हणाला, "बॉस, आय डोन्ट बिलीव्ह इट. पण मी बघितलं ना यार. तू पण बघितलंस."

रुहाननेही बघितलं होतं.

रविवारी तो कामाला आला तेव्हा जेमतेम उजाडत होतं. थंडी अशी की आदल्याच आठवड्यात रास अल खैमाच्या डोंगरावर पडलेल्या बर्फाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. पूल व्हिलाच्या सावलीत, त्यावर ऊन यायचं ते बारानंतर. पंपरूममध्ये लाल दिवा. रुहान दारातच थांबला.

हे मशीन काकांच्या हौसेचं. त्याआधी पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या पडायच्या. काकूंचे डोळे चुरचुरायचे म्हणून काकांनी गेल्या एप्रिलमध्ये दुसरी सिस्टम शोधायला घेतली. पंधरा दिवस एक्सेल शीट चाललं होतं. गोळ्या, लिक्विड, मिठाचं मशीन, एकेकाचा खर्च, एकेकाची खोड. मिठाच्या मशीनमध्ये पाण्यात थोडं मीठ घालायचं, मशीन त्यातूनच क्लोरीन बनवतं. रुहान म्हणाला होता, काका, गोळ्याच बऱ्या, मला त्याच समजतात. काका हसले. "साडेचार हजार दिरहम, म्हणजे पन्नास हजार रुपये घालतोय, तर तुलाच शिकायला लागेल." आणि इंटरनेटवरचा एक लेख दाखवला होता, थंड देशात घरच्या पूलला कुठली सिस्टम घ्यावी यावरचा. कॅनडावाल्यांसाठी लिहिलेला. अबुधाबीत कसली थंडी, म्हणून दोघंही हसले होते.

तो लेख आता दारात उभं असताना आठवला. थंड देश.

रुहान आत गेला. दिव्याकडे न बघता मशीनचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद. काकांचं अक्षर, टपोरं, अधोरेखित:

"पाणी १६ अंशांखाली गेलं की मशीन स्वतःच बंद होतं आणि लाल दिवा लागतो. थंड पाण्यात चालवलं तर सेल (क्लोरीन बनवणारा भाग) खराब होतो, म्हणून. पाणी तापलं की आपोआप चालू. मशीन बंद असेल तेव्हा क्लोरीन हाताने टाकणे. घाबरू नये."

रुहानने पाण्यात थर्मामीटर सोडला. पंधरा. तो तिथेच ओल्या लादीवर बसला. पहाटे पंधरा, दुपारी सतरा. दिवा लावून कोणी बसलं नव्हतं. पाणी गार होतं, इतकंच. आणि तरी त्या अक्षराकडे बघवत नव्हतं. शेवटची ओळ जशी काही त्याच्याचसाठी लिहून ठेवलेली.

दिव्याचं कोडं सुटलं, तांबड्या ढगाचं राहिलं. रुहानने टेस्ट किट काढलं. पाण्यात क्लोरीन शून्य. मशीन दुपारी पंपाबरोबर तासदोन तास चालून काय बनवणार? मग पायरीवर बोट फिरवलं. तांबूस गाळ. चोळला, हुंगला. गंज.

आणि तेव्हा शुक्रवारचा वास आठवला. भस्म उधळलं तेव्हा क्लोरीनचा वास आला होता. रुहानचे हात, शर्ट, उशीसुद्धा त्याच वासाची, म्हणून लक्षच गेलं नाही. पण त्या दिवशी त्याने क्लोरीनला हात लावलाच नव्हता.

गंज म्हणजे लोखंड, आणि अण्णाचा धंदा खतांचा. दुपारी तो शेजारच्या मुसफ्फात झाडांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेला. पानं पिवळी पडली तर काय देता, विचारलं. दुकानदाराने फिकट हिरव्या खड्यांची पिशवी पुढे केली. हिराकस. लोखंडाचा क्षार. अण्णा वर्षानुवर्षं हेच सप्लाय करत होता.

घरी रुहानने बादलीत हिराकस विरघळवलं. पाणी होतं तसंच. त्यात चिमूटभर क्लोरीन पावडर टाकली. बादलीत तांबडा ढग उतरला. म्हणजे तीर्थात हिराकस, भस्मात क्लोरीन.

त्याने सिद्धांतला फोन केला. सिद्धांत आला, बादलीकडे बघितलं, आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता आईला सांगू. रुहानला ते नको होतं. काकू म्हणतील बादली वेगळी, पूल वेगळा. शिवाय काकू एकट्या नाहीत, तीस माणसं आहेत. त्यांच्या देखत व्हायला पाहिजे. आणि करायचं काहीच नाहीये, तो म्हणाला, काकांनी लिहून ठेवलंय तेवढंच करायचं.

गुरुवारी संध्याकाळी त्याने मशीन बंद असताना टाकतात तसं, मोजून, हाताने क्लोरीन टाकलं.

शुक्रवारी तीच माणसं, आणखी दहा वाढलेली. काकू पांढऱ्या साडीत पायरीजवळ पाटावर. मांडीवर लाल फडकं, त्यात बांगड्या. मंगळसूत्र अजून गळ्यात, हात त्यावर. अण्णाने येताच पंपरूममध्ये डोकावून बघितलं. लाल दिवा होता. अण्णाचं समाधान झालं.

रुहानला तेव्हा कळलं की हा माणूस दर वेळी आधी दिवा का बघतो. दिवा लाल म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही. आत्म्याचा काय संबंध, अण्णाला पाणी रिकामं लागायचं.

"आत्मा शांत आहे," अण्णा कलश उचलत म्हणाला. "गाढ झोपलाय. मी मंत्राने हाक मारल्याशिवाय तो येणार नाही. कोणी घाई करू नका. हे फक्त तीर्थ आहे, गंगेचं, गोदेचं..."

तीर्थाची धार पाण्यात पडली आणि तिथल्या तिथे तांबडी झाली.

अण्णाचा हात तसाच राहिला. भस्माची पिशवी अजून खिशात, मंत्र अजून पोटात. आणि पाणी लालच लाल.

पहिला आवाज आला तो डॉक्टरीणबाईंच्या सात वर्षांच्या आभाचा. "ममा, बट ही हॅजन्ट इव्हन स्टार्टेड."

"अण्णा," रुहान म्हणाला, "आज आत्म्याला जाग लवकर आली."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णा म्हणाला, तीव्र एनर्जी आहे, कधी कधी असं होतं. रुहानने दोन बादल्या पुढे ओढल्या, बाटलीबंद पाण्याने भरलेल्या. दोन्हीत अण्णाच्याच कलशातलं उरलेलं तीर्थ ओतलं. मग अण्णाकडे भस्म मागितलं. अण्णा देईना, तेव्हा सिद्धांतने त्याच्या खिशातून पिशवी काढली. एका बादलीत अण्णाचं भस्म. दुसरीत रुहानच्या डब्यातली पूलची पावडर, जी कुठल्याही दुकानात मिळते. दोन्ही बादल्या सारख्याच तांबड्या झाल्या.

"वास घेऊन बघा," रुहान म्हणाला. "भस्माला स्विमिंग पूलचा वास कशाला येईल?"

ऑइल कंपनीतला केमिकल इंजिनिअर खाली बघत होता. हे त्याला शाळेपासून माहीत होतं. विचारायचं फक्त सुचलं नव्हतं. रुहानने थर्मामीटर त्याच्या हातात दिला, मशीनचा दिवा का लागतो ते सांगितलं. ऐकता ऐकता माणसं काढता पाय घ्यायला लागली, आणि त्या गडबडीत अण्णाही निघाला. थर्मास तिथेच राहिला.

रुहानला वाटलं होतं काकू रडतील, आशीर्वाद देतील. काकू पाटावरच बसून होत्या.

"निदान एक काहीतरी कळलं होतं रे मला," त्या म्हणाल्या. "तेपण घेतलंस. आता मी काय करू?"

रुहानने मशीनच्या झाकणातला कागद सोडवून आणला आणि त्यांच्या हातात दिला. काकूंनी वाचला. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग फडकं उलगडलं आणि एकेक करून बांगड्या हातात चढवल्या. त्या दुपारीही एक ताट झाकून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी गेटबाहेर सिद्धांत म्हणाला, "एक काम कर. तुझे अब्बा फुजैराला बंदरातल्या टर्मिनलवर कामाला आहेत ना. आईला सांग, त्यांनी बाबांना तिथे बघितलं. लांबून. तुझं ती ऐकेल."

"बघितलं का त्यांनी?"

"नाही रे. पण तिला बरं वाटेल."

"अण्णाने भस्म टाकलं तेव्हापण काकूंना बरंच वाटलं होतं," रुहान म्हणाला. "झोपल्या होत्या त्या."

सिद्धांत वाळूत रेघा ओढत राहिला. मग त्याने विचारलं, बाबा आहेत का रे, तुला काय वाटतं. रुहान म्हणाला, माहीत नाही. पाण्याला तर अजिबातच माहीत नाही. पाणी गार की गरम, त्यात क्लोरीन आहे की नाही, एवढंच पाण्याला विचारता येतं, आणि तेसुद्धा मोजून. बाकीचं माणसांना विचारत फिरावं लागतं. फुजैरात, दुबईत, पोलिसात, हॉस्पिटलात, परत परत. जो कोणी घरबसल्या पाच मिनिटांत सांगतो, त्याच्या खिशात काय आहे ते आधी बघायचं. दिवा लागला तर आधी झाकण उघडायचं. आपण तीस जणांनी तेवढंही केलं नाही, त्यात मीपण होतो.

पंपरूममध्ये दिवा आता लागला नव्हता. दुपारच्या उन्हाने पाणी सतरावर होतं. पहाटे परत लागेल, हे दोघांनाही माहीत होतं, आणि तरी दोघं अधूनमधून तिकडे बघत होते.

"अब्बांच्या ओळखीची माणसं आहेत तिथे, तिथून सुरुवात. दर शुक्रवारी फुजैराला जाईन," रुहान म्हणाला. "काकांचा फोटो घेऊन. शब्द देतो तुला. काही कळलं तर सगळ्यात आधी तुला सांगेन. नाही कळलं तर नाही कळलं असंच सांगेन, आणि पुढच्या शुक्रवारी परत जाईन."